रक्तातले पाणी कुठे गेले? : डॉ. शंभुनाथ डे

मागच्या वर्षी क्रॉस कंट्रीच्या दिवशी शेवटचा एक किलोमीटर राहिला असताना माझा मित्र रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसला. ओठ सुकलेले, डोळ्यांपुढे अंधारी आणि पोटऱ्यांत गोळे. एमआय रूममधल्या सरांनी सर्वांत आधी त्याचे मनगट धरले आणि घड्याळात पाहिले. मग एका पाकिटातली पांढरी पावडर एक लिटर पाण्यात विरघळवून त्याला घोट घोट पाजली. थोड्या वेळाने तो उठून बसला आणि आपल्या हाऊसचा नंबर कितवा आला हे विचारू लागला.

ते पाकीट ओआरएसचे होते हे आपल्याला माहीतच आहे. पण सरांनी आधी नाडी का पाहिली? घाम गेला कातडीवाटे, मग त्याचा नाडीशी काय संबंध? आणि त्या पाण्यात मीठ आणि साखर दोन्ही का? ही उत्तरे शोधता शोधता मी कोलकात्याच्या एका डॉक्टरपर्यंत पोहोचलो. जगभरातले पटकीचे संशोधक त्यांचे नाव आदराने घेतात. ते नाव म्हणजे डॉ. शंभुनाथ डे.

शंभुनाथांचा जन्म १ फेब्रुवारी १९१५ रोजी बंगालमधील हुगळी जिल्ह्यातल्या गरीबाटी या खेड्यात झाला. वडिलांचा छोटा व्यवसाय होता आणि घरची परिस्थिती बेताची होती. मुलगा हुशार आहे हे घरात सर्वांत आधी ओळखले ते शिकलेल्या काकांनी. गावच्या शाळेतून मॅट्रिक चांगल्या गुणांनी पास झाल्यावर शंभुनाथ हुगळीच्या मोहसीन कॉलेजात गेले. तिथून शिष्यवृत्ती मिळवून त्यांनी कलकत्ता मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. १८३५ मध्ये सुरू झालेले हे कॉलेज आशियातल्या सर्वांत जुन्या आधुनिक वैद्यकीय महाविद्यालयांपैकी एक आहे. खेड्यातून आलेल्या मुलाला कलकत्त्यासारख्या शहरात राहण्या-जेवण्याचा खर्च झेपणारा नव्हता. शिष्यवृत्ती आणि लोकांची मदत यांवर त्यांनी शिक्षण पुरे केले. १९३९ मध्ये ते डॉक्टर झाले आणि १९४२ मध्ये त्यांनी उष्ण कटिबंधातील रोगांची पदविका मिळवली.

डॉक्टर झाल्यावर दवाखाना उघडून पैसा मिळवता आला असता. शंभुनाथांना मात्र आवड होती पॅथॉलॉजीची, म्हणजे रोगाने शरीरात नेमके काय बिघडते हे शोधण्याच्या शास्त्राची. ते आपल्याच कॉलेजात शिकवू लागले. आणि त्या काळच्या कलकत्त्यात ज्या रोगाकडे दुर्लक्ष करणे कोणत्याही डॉक्टरला शक्य नव्हते, तो रोग होता पटकी, म्हणजेच कॉलरा.

पटकी हे नाव आज आपल्या कानावर फारसे येत नाही, पण आपल्या आजी-पणजीच्या काळी या नावाने गाव हादरत असे. महाराष्ट्रात पटकी ही मरीआईचा कोप समजली जाई. गावोगावी वेशीवर मरीआईची देवळे आहेत आणि साथ आली की मरीआईचा गाडा गावाच्या हद्दीबाहेर नेऊन सोडण्याची चाल होती. बंगालमध्ये याच भीतीपोटी ओलाबीबी आणि ओलाईचंडी यांची पूजा होत असे. देवीची नावे वेगळी, पण भीती एकच. सैन्यालाही ही भीती चुकली नव्हती. १८१७ मध्ये, पेंढारी आणि मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेत, गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जची फौज बुंदेलखंडात तळ ठोकून असताना छावणीत पटकी शिरली आणि लढाई न होताच हजारो माणसे गेली.

या रोगाची गंमत म्हणा किंवा क्रूरता म्हणा, ती अशी की सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत मरू शकतो. ताप बहुधा नसतो, जखम नसते. फक्त जुलाब आणि उलट्या. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखे पातळ जुलाब. मग माणूस इतक्या लवकर मरतो कसा? हे समजण्यासाठी आपल्याला विज्ञानाच्या पुस्तकातली दोन प्रकरणे आठवावी लागतील : रक्ताभिसरण आणि श्वसन.

आपल्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते. हृदय मिनिटाला सुमारे ७२ वेळा आकुंचन पावते आणि प्रत्येक वेळी साधारण ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. गुणाकार केला तर मिनिटाला पाच लिटर होतात. म्हणजे विश्रांती घेत असतानासुद्धा शरीरातले जवळजवळ सगळे रक्त दर मिनिटाला एक फेरी मारते. ही फेरी दुहेरी असते. हृदयाच्या उजव्या बाजूकडून रक्त फुप्फुसांत जाते, तिथे कार्बन डायऑक्साइड सोडते, ऑक्सिजन घेते आणि हृदयाच्या डाव्या बाजूला परत येते. डावा निलय तेच रक्त महाधमनीत ढकलतो आणि तिथून ते धमन्या व केशवाहिन्यांतून मेंदू, मूत्रपिंडे, स्नायू अशा सर्व ठिकाणी जाते. नंतर ते शिरांमधून पुन्हा उजव्या बाजूला येते.

फुप्फुसांत सुमारे ३० कोटी वायुकोश असतात. त्यांची भिंत आणि तिला चिकटलेल्या केशवाहिनीची भिंत मिळूनही इतकी पातळ असते की वायू सहज आरपार जातात. तांबड्या पेशींतले हिमोग्लोबिन ऑक्सिजन पकडते. पण तांबड्या पेशी स्वतः चालत नाहीत. त्या तरंगतात रक्तद्रवात. रक्ताचा निम्म्याहून अधिक भाग हा रक्तद्रव असतो आणि रक्तद्रवाचा सुमारे ९० टक्के भाग असतो साधे पाणी.

लष्करी भाषेत सांगायचे तर फुप्फुसे म्हणजे रसदीचे कोठार, हृदय म्हणजे वाहतूक विभाग, तांबड्या पेशी म्हणजे भरलेल्या होड्या आणि रक्तातले पाणी म्हणजे नदी. कोठार भरलेले आहे, होड्या तयार आहेत, पण नदीच आटली तर पुढच्या चौकीवर रसद पोहोचणार कशी?

पटकीत हेच होते. गंभीर रुग्णाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. हे पाणी आतड्यात येते ते शेवटी रक्तातूनच. रक्तद्रव कमी होतो, रक्त दाट होते आणि हृदयाकडे परत येणारे रक्त घटते. प्रत्येक ठोक्याला ढकलायला पुरेसे रक्त नाही म्हणून हृदय वेग वाढवते. नाडी जलद होते पण बारीक लागते, आणि पुढे तर मनगटावर लागेनाशी होते. शरीर हातापायांचा पुरवठा तोडून तो मेंदू आणि हृदय यांच्यासाठी राखून ठेवते. म्हणून हातपाय गार पडतात, बोटांची कातडी खूप वेळ कपडे धुतल्यासारखी सुरकुतते आणि डोळे खोल जातात. मूत्रपिंडांना रक्त मिळत नाही, म्हणून लघवी थांबते.

श्वासही बदलतो. जुलाबातून पाण्याबरोबर शरीरातला बायकार्बोनेट नावाचा क्षार जातो. शिवाय पेशींना ऑक्सिजन पुरत नाही म्हणून त्या आम्ल तयार करतात. रक्तातली आम्लता वाढली की मेंदू फुप्फुसांना जास्त खोल आणि जलद श्वास घेण्याचा हुकूम देतो, कारण कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला की आम्लता कमी होते. रुग्ण धापा टाकत असतो, त्याची फुप्फुसे चांगली असतात, खोलीत हवाही भरपूर असते. तरीही त्याच्या पेशी ऑक्सिजनवाचून मरत असतात. माझ्या मित्राची नाडी सरांनी का पाहिली हे मला इथे कळले. घामाने त्याच्या रक्तातले पाणी कमी झाले होते, आणि ते किती कमी झाले याची पहिली बातमी मनगट देते.

पाणी गेले तर पाणी परत द्यावे, हे डॉक्टरांना पूर्वीच सुचले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्ता मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी शिकवणारे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अधिकारी लिओनार्ड रॉजर्स यांनी पटकीच्या रुग्णांना शिरेतून मिठाचे पाणी द्यायला सुरुवात केली आणि मृत्यूंचे प्रमाण बरेच खाली आले. पण मूळ प्रश्न तसाच राहिला. पाणी मुळात बाहेर का जाते?

पटकीचा जंतू सर्वांना माहीत होता. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यातच तो रुग्णांच्या आतड्यातून वेगळा करून दाखवला. स्वल्पविरामासारखा वाकडा असा हा जंतू. तो काहीतरी विष तयार करत असावा असा कॉख यांचा अंदाज होता. पण ते विष त्यांना दाखवता आले नाही आणि त्यांच्यानंतर कित्येक दशके इतर कोणालाही नाही. शास्त्रज्ञ जंतू किंवा त्यांचा अर्क प्राण्यांच्या पोटाच्या पोकळीत किंवा शिरेत टोचत. प्राणी आजारी पडत, मरतही, पण त्यांना माणसासारखी पटकी होत नसे. विष रक्तात भिनून सगळ्या शरीरावर हल्ला करते अशी समजूत होती. काहींना वाटे की जंतू आतड्याचे अस्तरच सोलून काढतात.

या कोड्याकडे शंभुनाथ थेट गेले नाहीत. ते आधी गेले फुप्फुसांकडे. १९४७ मध्ये ते लंडनला गेले आणि युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलच्या मेडिकल स्कूलमध्ये प्रोफेसर रॉय कॅमेरॉन यांच्या हाताखाली काम करू लागले. कॅमेरॉन यांनी दुसऱ्या महायुद्धात विषारी वायूंच्या परिणामांवर संशोधन केले होते. पहिल्या महायुद्धात खंदकांत फॉस्जीन वायू सोडला जाई. त्याने सैनिकाच्या वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्या गळू लागत, रक्तातले पाणी वायुकोशांत भरे आणि सैनिक कोरड्या जमिनीवर, आतल्या आत बुडून मरे. फुप्फुसांत असे पाणी भरण्याला पल्मोनरी इडिमा म्हणतात. मेंदूला इजा झाली तरीही फुप्फुसांत पाणी भरू शकते. शंभुनाथांनी कॅमेरॉन यांच्याबरोबर त्यावर प्रयोग केले आणि १९४९ मध्ये लंडन विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली.

मला वाटते, पुढच्या शोधाचे बीज इथेच पडले असावे. फुप्फुसाच्या बाबतीत प्रश्न होता की रक्तातले पाणी भिंत ओलांडून वायुकोशात का जाते. पटकीच्या बाबतीत प्रश्न होता की रक्तातले पाणी भिंत ओलांडून आतड्यात का जाते. जागा वेगळी, पण प्रश्न एकच. असा प्रश्न मनात असलेला माणूस पटकीकडे पाहताना विष सगळ्या शरीरात शोधत बसणार नाही. पाणी जिथे जमते तिथेच तो शोधेल.

१९४९ मध्ये शंभुनाथ कलकत्त्याला परतले आणि नीलरतन सरकार मेडिकल कॉलेजात काम करू लागले. फाळणी होऊन दोनच वर्षे झाली होती. शहर निर्वासितांनी भरलेले होते. प्रयोगशाळेत लंडनसारखी साधने नव्हती. त्यांनी जो प्रयोग रचला तो इतका साधा आहे की दहावीच्या विद्यार्थ्यालाही समजतो. त्यांनी सशाला भूल देऊन त्याच्या लहान आतड्याचा एक छोटा तुकडा दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधला. तुकडा कापून बाहेर काढला नाही. त्याचा रक्तपुरवठा चालूच राहिला. फक्त बांधल्यामुळे ती एक बंद पिशवी झाली. त्या पिशवीत सिरिंजने पटकीचे जंतू सोडले आणि पोट शिवून टाकले. शेजारच्या दुसऱ्या तुकड्यात जंतू नसलेला द्रव सोडला, म्हणजे तुलना करता येईल.

दुसऱ्या दिवशी पोट उघडून पाहिले तेव्हा जंतू सोडलेली पिशवी पाण्याने टम्म फुगली होती आणि आतले पाणी पटकीच्या जुलाबासारखेच होते. शेजारचा तुकडा रिकामा होता. प्राण्याच्या आतड्यात पटकीसारखे पाणी भरताना पाहण्याची सोपी आणि खात्रीची रीत आता सापडली होती. १९५३ मध्ये शंभुनाथ आणि त्यांचे सहकारी डी. एन. चॅटर्जी यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. याच पद्धतीने शंभुनाथांनी पुढे दाखवले की आपल्या आतड्यात एरवी निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या ई. कोलाय जंतूंचे काही प्रकारही असेच पाणी ओढतात. तो शोधही आज महत्त्वाचा मानला जातो.

पण जंतूच पाणी ओढतात की जंतूंनी सोडलेले विष? १९५५ मध्ये शंभुनाथ कलकत्ता मेडिकल कॉलेजात विभागप्रमुख झाले होते. आता त्यांनी पुढची पायरी घेतली. पटकीचे जंतू द्रवात वाढवले आणि मग तो द्रव इतक्या बारीक गाळणीतून गाळला की एकही जंतू शिल्लक राहू नये. हा जंतूविरहित द्रव सशाच्या आतड्याच्या पिशवीत सोडला. पिशवी फुगली! जंतू नव्हते, तरी पाणी आले. म्हणजे जंतू जिवंत असताना बाहेर विष सोडतात आणि ते विष आतड्याच्या आतूनच काम करते. कॉख यांनी ज्या विषाचा अंदाज केला होता ते ७५ वर्षांनी त्याच शहरात सापडले. ३० मे १९५९ रोजी नेचर या नियतकालिकात हा शोध छापून आला. लेख अगदी छोटा होता आणि लेखक म्हणून एकच नाव होते : एस. एन. डे.

इथे महाराष्ट्रालाही अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी हे संशोधक सशाच्या पिल्लांवर प्रयोग करत होते आणि तेही वेगळ्या वाटेने पटकीच्या विषापर्यंतच पोहोचले. दोन भारतीय शहरांतून एकाच वर्षी एकच उत्तर आले.

यानंतर चित्र झपाट्याने स्पष्ट होत गेले. बँकॉकमध्ये पटकीच्या रुग्णांच्या आतड्याचे सूक्ष्म तुकडे तपासले तेव्हा आतड्याचे अस्तर शाबूत असल्याचे दिसले. म्हणजे भिंत पडलेली नसते. विष फक्त तिथल्या पेशींची कळ दाबून ठेवते. पेशी क्षार आतड्यात सोडत राहतात आणि क्षारांच्या मागोमाग रक्तातले पाणी येते. १९६९ मध्ये अमेरिकेत हे विष शुद्ध स्वरूपात वेगळे केले गेले.

भिंत शाबूत आहे, ही गोष्ट रुग्णासाठी फार मोलाची होती. निरोगी माणसाच्या आतड्यात अन्न, पाणी आणि पाचकरस मिळून रोज आठ-नऊ लिटर द्रव येतो आणि त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात शोषला जातो. पटकीत पाणी बाहेर सोडणारे दार उघडे अडकते, पण आत घेणारे एक दार चालू राहते. त्या दाराची अट अशी की सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आले पाहिजेत. जोडी आत गेली की पाणीही आत जाते. नुसते पाणी प्यायले तर ते वाहून जाते. मीठ आणि साखर योग्य प्रमाणात घातलेले पाणी मात्र रक्तात पोहोचते. ओआरएस म्हणजे दुसरे काही नाही, हीच जोडी.

या ज्ञानाची खरी परीक्षा झाली १९७१ मध्ये, बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी. आपण त्या युद्धातल्या लढाया वाचतो. पण युद्धाआधी सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते आणि त्यांच्या छावण्यांत पटकी पसरली होती. सीमेजवळच्या बनगाव येथे कोलकात्याचे डॉ. दिलीप महालनबीस काम करत होते. रुग्ण जमिनीवर पडलेले, शिरेतून देण्याचे सलाईन संपत आलेले. तेव्हा त्यांनी एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण पिंपांत तयार केले आणि नातेवाइकांच्या हाती पेले दिले. छावण्यांत पटकीने सुमारे ३० टक्के रुग्ण मरत होते. त्यांच्याकडे उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. सुई नाही, बाटली नाही. आयांनी पेल्याने नदीत पुन्हा पाणी भरले.

ओआरएस शंभुनाथांनी बनवले नाही. पण पटकीत पाणी कुठून आणि कशामुळे जाते हे त्यांनी दाखवून दिले नसते, तर ते परत आणण्याचा मार्ग इतक्या खात्रीने कोणाला चालता आला नसता.

एवढा मोठा शोध लावणाऱ्या माणसाला काय मिळाले? देशात जवळजवळ काहीच नाही. विषावर पुढे काम करायला लागणारी महागडी उपकरणे त्यांच्याजवळ नव्हती. परदेशातल्या सुसज्ज प्रयोगशाळा पुढे गेल्या. १९७३ मध्ये ते कॉलेजातून निवृत्त झाले. भारतातल्या कोणत्याही विज्ञान अकादमीने त्यांना हयातीत आपले फेलो केले नाही. कोणता मोठा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला नाही. परदेशातल्या शास्त्रज्ञांना मात्र त्यांची किंमत कळली होती. नोबेल पारितोषिक मिळवणारे अमेरिकन शास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी शंभुनाथांचे नाव नोबेलसाठी एकापेक्षा अधिक वेळा सुचवले. १९७८ मध्ये स्टॉकहोमला नोबेल प्रतिष्ठानने पटकीवर खास परिषद भरवली आणि तिथे शंभुनाथांना सन्मानाने बोलावले. जगाच्या दृष्टीने आपण केव्हाच मेलो होतो आणि या परिषदेने आपल्याला पुन्हा जिवंत केले, अशा अर्थाचे ते तिथे बोलले. हे वाचताना मला वाईट वाटले, आणि थोडी शरमही.

१५ एप्रिल १९८५ रोजी वयाच्या सत्तराव्या वर्षी डॉ. शंभुनाथ डे यांचे निधन झाले. पाच वर्षांनी, १९९० मध्ये, करंट सायन्स या भारतीय नियतकालिकाने त्यांच्यावर विशेषांक काढला. देशाने घेतलेली ही दखल खरी, पण ती पाहायला ते नव्हते.

कॅडेट मित्रांनो, आपल्याकडे प्रत्येक गोष्टीला पदक असते. धावण्याला, नेमबाजीला, ड्रिलला. पदक मिळाले नाही की आपण नाराज होतो. मीही होतो. शंभुनाथांच्या छातीवर पदक नव्हते. पण मला त्यांच्या चरित्रातली सर्वांत मोठी गोष्ट ही वाटत नाही. मोठी गोष्ट ही की सगळे शास्त्रज्ञ शत्रूला सगळ्या मैदानभर शोधत होते, तेव्हा या माणसाने नीट टेहळणी केली, पाणी जिथे जमते तिथे दोन दोरे बांधले आणि तिथेच पाहिले. त्यासाठी महागडे यंत्र लागले नाही. नेमका प्रश्न लागला.

शेवटी एक उपयोगाची गोष्ट. ओआरएसचे पाकीट अर्धे-अर्धे करून वापरू नका. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात ते पूर्ण विरघळवा, कारण मीठ आणि साखर यांची जोडी ठरावीक प्रमाणात असेल तरच दार उघडते. आणि पुढच्या क्रॉस कंट्रीला कोणी खाली बसला, तर ओरडण्याआधी त्याचे मनगट हातात घ्या. नाडी मोजा. त्याच्या नदीत पाणी किती आहे ते तिथे कळेल.